ताळेबंदातील रिकामे रकाने

मीरा-भाईंदर शहरात गेल्या आर्थिक वर्षात सार्वजनिक पैशातून एकंदर किती रक्कम खर्ची पडली, शहरातील नागरिकांच्या माथी कर्ज किती, आणि त्या कर्जाच्या पोटी जलवाहिन्या, गटारे, रस्ते, उड्डाणपूल या रूपाने जी मालमत्ता उभी राहिली तिची किंमत काय, असा साधा प्रश्न एखाद्या करदात्याने विचारला, तर त्याचे उत्तर एका कागदावर देऊ शकेल अशी एकही कचेरी आज अस्तित्वात नाही. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक दरसाल छापले जाते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा जमाखर्च स्वतंत्र असतो. पाणी पुरविणाऱ्या स्टेम कंपनीचा ताळेबंद कंपनी कायद्याप्रमाणे निराळा तयार होतो. औद्योगिक विकास महामंडळ आपले हिशेब आपल्या दप्तरी ठेवते. आणि राज्य शासनाने शहराला दिलेले अनुदान राज्याच्या वित्तीय लेख्यांत इतर अनेक संस्थांच्या अनुदानांत मिसळून एखाद्या लेखाशीर्षाखाली नोंदलेले असते. यातला प्रत्येक कागद आपल्यापुरता बिनचूक असू शकतो. त्या सर्वांची बेरीज मात्र कोणी करीत नाही, आणि बेरीज होत नसल्यामुळे तीत कोणता आकडा आलेला नाही हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

सार्वजनिक संस्थांचे हिशेब एकत्र करणे म्हणजे आकडे एकाखाली एक मांडून रेघ ओढणे, अशी एक समजूत आहे. वास्तविक एकत्रीकरणाचे खरे काम वजाबाकीचे आहे. राज्य शासनाने महानगरपालिकेला दिलेले शंभर रुपये शासनाच्या वहीत खर्च म्हणून पडतात आणि महानगरपालिकेच्या वहीत जमा म्हणून. दोन्ही वह्या एकत्र करताना ही रक्कम दोन्हीकडून वगळावी लागते, आणि ती वगळण्यासाठी देणाऱ्याचा आकडा घेणाऱ्याच्या आकड्याशी रुजू व्हावा लागतो. ही रुजुवात न झाल्यास रक्कम वाटेत अडकली, दुसऱ्याच कामाकडे वळली, की नुसती नोंदवायची राहिली, याचा तपास सुरू होतो. सार्वजनिक जमाखर्चातील गहाळ आकडे बहुधा कारकुनाच्या आळसाच्या खाती मांडले जातात, आणि कारकुनाचा आळस ही वस्तू दुर्मिळ आहे असेही नाही. तथापि हे आकडे कोठे गहाळ होतात ते पाहिले, म्हणजे असे दिसते की एका संस्थेच्या आतल्या व्यवहारांपेक्षा दोन संस्थांच्या सीमेवरच्या व्यवहारांत ते अधिक हरवतात. आणि ज्या सीमेवर रुजुवात मागणारा कोणी उभा नाही, तेथे ते सर्वांत जास्त हरवतात.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात कमाविसदारांकडून आलेले हिशेब फडावर तपासले जात, महालांचे अंदाजी बेहेडे अगोदर ठरवून दिलेले असत, आणि एकबेरीज दफ्तरात सर्व मुलुखांचे कागद जमा होऊन त्यांवरून तर्जुमे व ताळेबंद तयार होत. म्हणजे राज्याच्या सगळ्या उत्पन्नाचे व खर्चाचे वर्गीकृत गोषवारे एका जागी पाहावयास मिळण्याची व्यवस्था अठराव्या शतकात पुण्यात होती. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी या दफ्तराची पाहणी केली, तेव्हा त्यांना असे आढळले की दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत दफ्तराची हेळसांड झाली, त्यावरची माणसे जवळजवळ सर्व दूर झाली, आणि कागदही विस्कळीत झाले. मामलती मक्त्याने देण्याचा प्रघात त्याच काळात वाढला, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. ज्याला ठरलेली एकरकमी रक्कम मिळाली की पुरे, त्याला महालाचा तपशीलवार हिशेब कशाला हवा? हिशेब मागण्याची गरज संपली की हिशेब ठेवण्याची माणसेही संपतात.

आधुनिक काळात एकत्रित सरकारी लेख्यांचा प्रयोग सर्वांत महत्त्वाकांक्षी स्वरूपात ब्रिटनने केला. न्यूझीलंडने या वाटेवर पहिले पाऊल 1991 च्या सुमारास टाकले होते, परंतु तेथील एकत्रित लेख्यांत स्थानिक संस्था धरलेल्या नाहीत. ब्रिटनने मात्र 2009-10 या वर्षापासून मध्यवर्ती खाती, आरोग्यसेवा, सार्वजनिक कंपन्या आणि नगरपरिषदा अशा हजारो संस्थांचे मिळून एकच ताळेबंद प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर 2024 मध्ये 2022-23 चे असे लेखे प्रसिद्ध झाले, तेव्हा तेथील महालेखापरीक्षकांनी त्यांवर अभिप्राय देण्यासच असमर्थता व्यक्त केली, आणि ही गोष्ट या लेख्यांच्या इतिहासात प्रथमच घडली. कारण इंग्लंडमधील 426 स्थानिक संस्थांपैकी 187 संस्थांनी आकडे पाठविलेच नव्हते, आणि परीक्षण पूर्ण होऊन विश्वासार्ह ठरलेले आकडे केवळ 43 संस्थांकडून आले होते. या दुरवस्थेची मुळे शोधताना तेथील जाणकार ऑडिट कमिशन ही स्थानिक लेखापरीक्षणाची मध्यवर्ती संस्था 2015 मध्ये बंद करण्याच्या निर्णयाकडे बोट दाखवितात. परीक्षणाचे काम खासगी संस्थांकडे गेले, परीक्षक अपुरे पडू लागले, आणि थकबाकी वर्षागणिक साचत गेली. ही घटना इकडच्या वाचकाला ब्रिटिश प्रशासनाच्या अधोगतीचा पुरावा वाटण्याचा संभव आहे. माझे मत थोडे निराळे आहे. तेथे बेरीज मांडली जाते म्हणून तिच्यातले भोक दिसले, त्याचे माप घेता आले, आणि एका जबाबदार अधिकाऱ्याने सही करण्याचे नाकारले. आपल्याकडे अशी नकार देण्याची वेळच कोणावर येत नाही, कारण सही करावी असा कागदच नाही.

भारतीय राज्यघटनेने लेख्यांची व्यवस्था दोन मजल्यांची कल्पिली होती. संघराज्याचे व राज्यांचे लेखे कोणत्या नमुन्यात ठेवावेत हे कलम 150 अन्वये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने ठरते, आणि त्यांचे अहवाल कलम 151 अन्वये संसदेपुढे व विधानमंडळांपुढे येतात. नगरपालिका व पंचायती हा तिसरा मजला 1992 च्या 73 व्या व 74 व्या घटनादुरुस्तीने बांधला गेला. परंतु त्याच्या हिशेबांचे काय, या प्रश्नाचे उत्तर कलम 243 पासूनच्या कलमांत राज्यांच्या कायद्यांवर सोपवून दिले गेले. परिणाम असा, की केंद्र आणि राज्ये यांचे संयुक्त लेखे संकलित होतात, रिझर्व्ह बँक राज्यांच्या वित्तस्थितीचा वार्षिक अभ्यास काढते, तूट आणि कर्ज यांची राष्ट्रीय चर्चा याच दोन मजल्यांच्या आकड्यांवर चालते, आणि ज्या मजल्यावर नागरिक प्रत्यक्ष राहतो, पाणी भरतो आणि कचरा टाकतो, तो मजला या चर्चेत गृहीतही धरला जात नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2022 मध्ये महानगरपालिकांच्या वित्तव्यवस्थेवर पहिला स्वतंत्र अहवाल काढला. त्यात 201 महानगरपालिकांचे आकडे होते, आणि 2024 च्या दुसऱ्या अहवालात ही संख्या 232 वर गेली. हे कार्य मोलाचे आहे. परंतु त्यासाठी बँकेला महानगरपालिकांची अंदाजपत्रके गोळा करावी लागली, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. देशाच्या मध्यवर्ती बँकेला नगरांचा खर्च समजून घेण्यासाठी अंदाजपत्रकांची पाने उलटावी लागतात, आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक म्हणजे काय चीज असते हे ज्याने एखादे तरी पाहिले आहे त्याला ठाऊकच आहे: जमेच्या बाजूस आशा आणि खर्चाच्या बाजूस आश्वासने.

राज्याच्या पातळीवर महाराष्ट्राचे वित्तीय लेखे महालेखापालांच्या मुंबई व नागपूर येथील कार्यालयांतून सिद्ध होतात, आणि त्यांच्या नियमितपणाबद्दल तक्रारीला जागा नाही. तरीही राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील लेखापरीक्षा अहवाल दरवर्षी काही ठराविक छिद्रांकडे लक्ष वेधीत आले आहेत, आणि अनेक वर्षे ते सलग वाचणाऱ्याला त्यांचा क्रमही पाठ होतो. संक्षिप्त देयकावर उचललेल्या रकमेचे तपशीलवार देयक नंतर सादर करावयाचे असते. ते मुदतीत येत नाही. स्वीय प्रपंजी खात्यात वर्षाअखेरीस रक्कम वळती होते, म्हणजे एकत्रित निधीतून ती खर्च झाली असे दिसते, परंतु प्रत्यक्षात ती दुसऱ्या खात्यात स्वस्थ पडून असते. सहायक अनुदान दिल्यानंतर त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र यावे लागते. ते येत नाही, आणि त्याशिवाय पुढचे अनुदान देऊ नये हा नियम असूनही पुढचे अनुदान जाते. याशिवाय ‘800’ या क्रमांकाचे एक गौण शीर्ष आहे, ज्याखाली ‘इतर जमा’ व ‘इतर खर्च’ नोंदण्याची सोय आहे. योग्य शीर्ष शोधण्याचा त्रास ज्याला नको, किंवा ते शीर्ष वाचकाला सापडू नये अशी ज्याची इच्छा आहे, त्या दोघांचीही या आश्रयस्थानी सारखीच सोय होते.

या सर्व छिद्रांत एक साम्य आहे. रक्कम तिजोरीतून बाहेर पडली याची नोंद आहे, ती पोहोचली याची नाही. कोषागाराच्या दृष्टीने धनाकर्ष निघाला की व्यवहार पुरा झाला. त्यापुढे जे काही घडले ते दुसऱ्याच्या वहीत. राज्याच्या सार्वजनिक कंपन्या व महामंडळे यांपैकी कित्येकांचे लेखे वर्षानुवर्षे थकलेले असतात, त्याचेही रहस्य येथेच आहे. कंपनी कायद्यानुसार वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, लेखापरीक्षित हिशेब भागधारकांपुढे यावयास हवेत. परंतु भागधारक शासन, अनुदान देणारे शासन आणि संचालक नेमणारेही शासन, अशा स्थितीत हिशेब मागावयाचे कोणी आणि द्यावयाचे कोणाला, असा पेच पडतो. लेखे थकलेल्या कंपनीत शासनाने पुन्हा भांडवल वा कर्ज घातले, म्हणजे लेखापरीक्षकांच्या अहवालात एक परिच्छेद वाढतो, एवढेच.

आकडा नाही आणि आकडा शून्य आहे, या दोन गोष्टींत महदंतर आहे, आणि तिसरी एक अवस्था याहून निराळी आहे: आकडा असूनही तो छापावयाचा नाही. महाराष्ट्राच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून सिंचनावर दहा वर्षांत सुमारे 70,000 कोटी रुपये खर्च होऊनही सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम 0.1 टक्क्याने वाढले, असा अर्थ निघाला, आणि त्यावरून जे वादळ उठले त्याची परिणती 2012 च्या श्वेतपत्रिकेत व राजकीय राजीनाम्यात झाली. त्यानंतरच्या आर्थिक पाहण्यांत सिंचित क्षेत्राच्या रकान्यात वर्षानुवर्षे ‘उपलब्ध नाही’ असे शब्द येत राहिले. ज्या आकड्याने एकदा सरकार हलविले तो पुन्हा उपलब्ध होऊ नये, यात प्रशासनाचे काही एक शहाणपण असेल. परंतु निदान तेथे ‘उपलब्ध नाही’ असे छापले तरी जाते, आणि वाचकाला रिकामा रकाना दिसतो. नगरांच्या एकत्रित हिशेबात हा रकानाच आखलेला नाही.

आता मीरा-भाईंदरकडे वळू. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, मिठागरे, कोळीवाडे आणि भातशेती यांनी व्यापलेल्या या टापूतील पाच ग्रामपंचायती एकत्र करून 12 जून 1985 रोजी नगरपरिषद स्थापन झाली, पुढे आणखी गावे तीत आली, आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. 2011 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या 8,09,378 होती. म्हणजे एका पिढीच्या आत ग्रामपंचायतीच्या रोजकीर्दीपासून महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकापर्यंतचा प्रवास या शहराच्या दप्तराने केला. लोकसंख्या ज्या वेगाने वाढली त्या वेगाने लेखापाल वाढत नसतात, हे सांगावयास नकोच.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 याप्रमाणे महानगरपालिकेत मुख्य लेखापरीक्षक हा आयुक्ताच्या आज्ञेबाहेरचा अधिकारी असतो आणि त्याने आपला अहवाल स्थायी समितीस द्यावयाचा असतो. शिवाय स्थानिक निधी लेखापरीक्षेची यंत्रणा आहे, जिचा मूळ कायदा 1930 चा आहे. आणि अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर महालेखापरीक्षकांचे तांत्रिक मार्गदर्शन व पर्यवेक्षण हा तिसरा थर त्यावर आला. एका हिशेबावर तीन परीक्षक असताना आकडे गहाळ का व्हावेत? स्थानिक संस्थांचे कोणतेही लेखापरीक्षा अहवाल चाळले तर एक वाक्य हमखास भेटते: ‘अभिलेख लेखापरीक्षणास उपलब्ध करून देण्यात आले नाहीत.’ मोजमाप पुस्तिका मिळाली नाही, अनामत नोंदवही अद्ययावत नाही, तसलमात दिलेल्या रकमा समायोजित झालेल्या नाहीत. ही तसलमात पाहण्यासारखी असते. निवडणुकीच्या कामासाठी, पावसाळ्यातल्या तातडीच्या दुरुस्तीसाठी, एखाद्या समारंभासाठी कर्मचाऱ्याच्या नावे आगाऊ रक्कम निघते. काम होते, पावत्या कोठेतरी राहतात, कर्मचारी दुसऱ्या विभागात जातो, नंतर सेवानिवृत्त होतो, आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण अडले म्हणजे दहा-दहा वर्षांपूर्वीच्या पावत्यांचा शोध सुरू होतो. तोवर ती रक्कम ना खर्च असते, ना शिल्लक. परीक्षक आक्षेप नोंदवितो, खाते अनुपालन देते, अनुपालन अपुरे म्हणून आक्षेप कायम राहतो, आणि आक्षेपाधीन रक्कम व वसूलपात्र रक्कम असे दोन स्तंभ दरसाल थोडे लांबत जातात.

या रोगावर द्विनोंदी, उपार्जित लेखापद्धती हे औषध सांगितले गेले. महालेखापरीक्षकांनी नेमलेल्या कृतिगटाने नमुने ठरविले, 2004 मध्ये राष्ट्रीय महापालिका लेखा नियमपुस्तिका निघाली, आणि 3 डिसेंबर 2005 रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने ही पद्धती अनुदानाची अट म्हणून घातली. रोख पद्धतीत पैसा हाती आला की जमा आणि हातून गेला की खर्च. मालमत्ता कराची मागणी झाली पण वसूल झाली नाही, ठेकेदाराचे देयक आले पण चुकते झाले नाही, यांचा जमाखर्चात मागमूस नसतो. उपार्जित पद्धतीत या दोन्ही गोष्टी वहीत येतात. पण ज्या मागणी नोंदवहीत एकाच सदनिकेची आकारणी दोनदा झाली आहे, पाडून टाकलेल्या चाळीवर अजून कर चढतो आहे, आणि न्यायालयात अडकलेली थकबाकी व बुडीत थकबाकी यांत भेद नाही, त्या नोंदवहीवरून काढलेला ‘येणे’ हा आकडा ताळेबंदात सुबक दिसला तरी त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. माझ्या मते या सुधारणेतील मोठा दोष हा, की ती बहुतेक ठिकाणी बाहेरच्या सनदी लेखापालांनी वर्षाअखेरीस रोख वहीवरून ताळेबंद रचून देण्यापुरती राहिली. खात्याखात्यांतील मूळ नोंदवह्या जुन्याच चालीने चालत राहिल्या.

आता याच अभियानातील एका रुपयाचा मागोवा घ्यावा. बृहन्मुंबई नागरी समूहात मोडत असल्यामुळे मीरा-भाईंदरच्या भुयारी गटारासारख्या कामांना केंद्राचा वाटा 35 टक्के, राज्याचा 15 टक्के आणि महानगरपालिकेचा 50 टक्के अशी विभागणी होती. केंद्राचा पैसा राज्याकडे, राज्याचा व केंद्राचा मिळून नोडल संस्था असलेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि तेथून महानगरपालिकेकडे, असा तो हप्त्याहप्त्याने येई. म्हणजे एकाच रुपयाची नोंद चार वह्यांत. केंद्राच्या वहीत तो ज्या वर्षी खर्च पडला त्याच वर्षी तो महानगरपालिकेच्या वहीत जमा झाला असेल असे नाही. मार्चच्या अखेरीस निघालेला हप्ता खालच्या वहीत नव्या वर्षात उगवतो. महानगरपालिकेला आपला निम्मा हिस्सा उभा करावयाचा तर कर्ज काढावे लागे, आणि शहराच्या कामांसाठी कर्ज देणाऱ्यांत पुन्हा तेच प्राधिकरण. तेव्हा एकाच संस्थेकडून एका हाताने अनुदान आणि दुसऱ्या हाताने कर्ज अशा दोन रकमा येतात. चारही वह्या एकत्र ठेवून या रुपयाची रुजुवात करण्याचे काम कायद्याने कोणावरही सोपविलेले नाही. प्रत्येक परीक्षक आपल्या वहीच्या पुठ्ठ्यापाशी थांबतो.

पाण्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. शहराला स्वतःचा जलस्रोत नाही. ते औद्योगिक विकास महामंडळाकडून आणि स्टेमकडून पाणी घेते. स्टेम ही शहाड-टेमघर योजनेतून जन्मलेली कंपनी ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या तीन महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची आहे. म्हणजे मीरा-भाईंदर येथे ग्राहक आहे आणि मालकही आहे. पाण्याचे देयक महानगरपालिकेच्या वहीत खर्च, तेच कंपनीच्या वहीत उत्पन्न. कंपनीला नफा झाला तर त्याचा काही अंश पुन्हा शहराचाच. देयक थकले तर शहर स्वतःच्याच कंपनीचे देणेकरी. एकत्रित लेख्यांत हा सारा परस्पर व्यवहार वगळून कंपनीच्या मालमत्तेत व देण्यांत शहराचा वाटा दाखविला गेला असता. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचणाऱ्याला या कंपनीचे दर्शन घडते ते पाणीखरेदीच्या एका ओळीत.

काही मोठ्या देण्याघेण्यांची तर पैशात नोंदच होत नाही. विकास आराखड्यात आरक्षित असलेली जमीन महानगरपालिकेने ताब्यात घ्यावयाची आणि मालकाला रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क द्यावयाचा, ही पद्धत मुंबईभोवतीच्या सर्व शहरांत रूढ आहे. जमिनीच्या भावाकडे पाहता हा हक्क म्हणजे बाजारात विकले जाणारे मूल्यवान चलन आहे. ते निर्माण करण्याचा अधिकार नगरसंस्थेकडे आहे. आणि तरीही ते दिल्याचा एक पैसाही तिच्या खर्चात दिसत नाही, कारण तिजोरीतून काही गेलेले नसते. उलट बाजूने मिळालेली जमीन विनामूल्य मिळाली असे समजून ताळेबंदात एक रुपया अशा नाममात्र किमतीने चढविण्याची मुभा आहे. नोंद रीतसर आहे, नियमपुस्तिकेला धरून आहे, आणि शहराने काय दिले व काय घेतले याचा तीवरून काहीही बोध होत नाही.

जकात होती तेव्हा नाक्यावर माल मोजला जाई. त्या व्यवस्थेत भ्रष्टाचार होता, वाहतुकीचा खोळंबा होता, आणि ती गेली याबद्दल कोणी शोक करावा असे नाही. परंतु शहरात काय येते व किती येते याची एक स्थानिक नोंद तीत होती. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महानगरपालिकांना राज्याने 2017 च्या भरपाई अधिनियमाप्रमाणे दरमहा रक्कम देण्यास सुरुवात केली. 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून तीत दरसाल 8 टक्के वाढ होते. महानगरपालिकेच्या उत्पन्नाचा हा मोठा भाग आता शहरातील उलाढालीशी कसलाही संबंध न ठेवता महिन्याच्या महिन्याला येतो. बाजीरावाच्या मक्त्याशी या व्यवस्थेचे असलेले साम्य पूर्ण नाही, कारण येथे पैसा वरून खाली येतो. पण एकरकमी रक्कम ठरली की तपशिलाची गरज सरते, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या कालखंडासाठी एक वेगळा उपाय योजिला. मागील वर्षाचे तात्पुरते आणि त्याच्या आदल्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब लोकांना पाहता येतील असे इंटरनेटवर ठेवल्याशिवाय स्थानिक संस्थेला अनुदान मिळणार नाही, अशी अट त्याने घातली; पहिल्या दोन वर्षांत राज्यातील निदान 25 टक्के संस्थांनी ती पाळावी एवढी सवलत होती, नंतर ती सर्वांना लागू झाली. या एका अटीने जे झाले ते पूर्वीच्या अनेक परिपत्रकांनी झाले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. हिशेब देशभरातून येऊ लागले. परंतु अट कागद चढविण्याची आहे, तो जुळण्याची नाही. अनुदानाच्या मुदतीपूर्वी काहीतरी चढविले पाहिजे, या घाईने तयार झालेला ताळेबंद आणि नंतर स्थायी समितीपुढे आलेला ताळेबंद यांत फरक पडला, तर दोन्ही आपापल्या जागी राहतात.

स्थायी समितीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. मीरा-भाईंदरच्या 95 सदस्यांच्या सभागृहाची, जे 2017 मध्ये निवडून आले होते, मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपली, आणि त्यानंतर जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत राज्यातील बहुतेक महानगरपालिकांप्रमाणे येथेही प्रशासक होता. या काळात सभागृहाचे व स्थायी समितीचे अधिकार आयुक्ताच्याच हाती होते. मुख्य लेखापरीक्षकाने ज्या आयुक्ताच्या खर्चाची झडती घ्यावयाची त्याच आयुक्ताला समिती समजून अहवाल द्यावयाचा, अशी ही रचना. कोणत्याही अधिकाऱ्याच्या सचोटीबद्दल शंका न घेता म्हणता येईल की या साडेतीन वर्षांत अहवाल वाचणारा दुसरा डोळा कायद्याने मिटलेला होता. नव्या सभागृहाने त्या काळातील प्रलंबित परिच्छेद उघडून पाहिले, तर त्याचा पहिला कार्यकाल उपयोगी लागेल.

आकडे पुरे होईपर्यंत एकत्रित लेखे थांबवावेत, की अपुऱ्या आकड्यांनिशी वेळेवर काढावेत, हा वाद ब्रिटनमध्ये झाला आणि तेथे दुसऱ्या पक्षाचा जय झाला: थकलेल्या परीक्षणांना कायद्याने अंतिम तारखा घालून दिल्या गेल्या, आणि त्या तारखेला परीक्षण पुरे नसेल तर अभिप्रायाविना लेखे बंद करावेत असे ठरले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हा तोडगा पराभवासारखा वाटतो. मला तो योग्य वाटतो, एका अटीवर: जो आकडा आला नाही त्याच्या जागी गतवर्षीचा आकडा वाढवून घालू नये, शून्य तर मुळीच घालू नये, आणि संस्थेचे नाव व किती वर्षांचा हिशेब थकला आहे हे त्याच ओळीत छापावे. राज्यात 29 महानगरपालिका आहेत, त्यांपैकी नऊ मुंबई महानगर प्रदेशात. एवढ्या नऊ शहरांचा, त्यांच्या भागीदारीतील कंपन्यांचा आणि प्राधिकरणाचा मिळून एक ताळेबंद काढणे राज्याच्या वित्त विभागाला अवघड नाही. पहिल्या वर्षी तो निम्मा रिकामा निघेल, आणि कोणता निम्मा रिकामा आहे हे कळणे हीच त्या वर्षीची मिळकत.

तोवर एका व्यवहाराकडे लक्ष ठेवावे. सूर्या धरणाच्या पाण्यावरची प्रादेशिक योजना महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली असून तिच्या 403 दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेपैकी 218 दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आणि 185 वसई-विरारसाठी आहेत. जलवाहिनी प्राधिकरणाच्या पैशाने झाली, शहरांतर्गत वितरणाचे जाळे महानगरपालिकेच्या माथी आहे, आणि पाण्याचा दर शेवटी रहिवाशाच्या पाणीपट्टीतून वसूल व्हावयाचा आहे. ही मालमत्ता किती किमतीने आणि कोणाच्या ताळेबंदात चढते, तिचा घसारा कोण धरतो, आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज दोन्ही वह्यांत सारखेच दिसते की नाही, हे पुढील दोन-तीन वर्षांच्या लेख्यांत वाचून पाहता येईल, अर्थात ते लेखे आले तर.